इअरबडचं व्हाउचर

राहात्यात दोन पिकं कधी बुडत नाहीत. एक पेरू आणि दुसरे ऑडिटर. पेरूला निदान पाणी तरी लागतं. ऑडिटर पूर्ण कोरडवाहू. हातात मोबाईल असला आणि गावात कुणी काही बरं काम करताना दिसलं, की तो आपोआप उगवतो.

आमच्या कट्ट्यावर तर अस्सल पेन्शनर ऑडिटरसाहेबच बसतात. सगळी हयात सहकारात गेली. त्यांनी ज्या पतसंस्थेला ओळीनं ‘अ’ वर्ग दिला, तिच्या शटरला आज कुलूप आहे. ठेवीदार सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतायत आणि कर्जदारांची मुलं परदेशात शिकतायत. कुणी छेडलंच तर साहेब चहाची बशी खाली ठेवतात आणि शांतपणे सांगतात, “कागद चोख होते.” कागद चोख असले की माणूस बुडाला तरी चालतो, हे सहकाराचं मूलतत्त्व आम्ही त्यांच्याच पायाशी बसून शिकलो.

तर झालं असं. शेजारच्या तालुक्यात ग्रामपंचायतीच्या वैरातून एका घरावर रात्री जमाव चालून गेला. पत्रे फुटले, कर्त्या माणसाचा पाय मोडला. घर हरलेल्या पॅनलचं, म्हणून जिंकलेले फिरकले नाहीत. हरलेले जिंकलेल्यांत जाण्याच्या गडबडीत होते, म्हणून तेही फिरकले नाहीत. गेली ती आमच्या राहात्याची चार पोरं. एक मेडिकलवाला, एक क्लासवाला आणि दोन अजून लग्नाची. त्यांनी वर्गणी काढली, दवाखान्याचं बिल भरलं, घरावर पत्रे टाकले, लेकरांना वह्या-दप्तरं घेऊन दिली. आणि त्या घरच्या ताई जबाब द्यायला निघाल्या तेव्हा त्यांच्यासोबत पोलीस ठाण्यात जाऊन बसले.

हे शेवटचं काम त्यांनी करायला नको होतं. पत्रे टाकेपर्यंत ते समाजसेवक होते. ठाण्याची पायरी चढले आणि त्यांच्या मागे कोण आहे, ही चौकशी सुरू झाली.

चौकशीचा नारळ ऑडिटरसाहेबांनीच फोडला. ग्रुपवर, भल्या सकाळी, ‘सुप्रभात’च्या गुलाबाखाली. दुपारपर्यंत ती पोर्टलवाल्याकडे पोचली. हा पोर्टलवाला म्हणजे चौथ्या स्तंभाची आमच्याकडची शाखा. भांडवल एक मोटारसायकल, एक मोबाईल आणि चौकोनी ठोकळा बसवलेला माईक. ठोकळ्याच्या चारही बाजूंना चॅनेलचं नाव. माईकची वायर पुष्कळदा कशालाच जोडलेली नसते, तिचं टोक त्याच्या खिशात असतं. पण ठोकळा तोंडासमोर आला की भला माणूससुद्धा कॉलर नीट करतो आणि “हे बघा, या ठिकाणी...” असं बोलायला लागतो.

संध्याकाळी बातमी आली. लाल पट्टी, धडधडतं संगीत, पोरांच्या फोटोभोवती पिवळं वर्तुळ आणि मथळा: ‘मदतीच्या नावाखाली राहात्यात नेमकं शिजतंय काय???’ शिजत होती मुगाची खिचडी, दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेल्या नातेवाइकांसाठी. पण खिचडीला व्ह्यूज नसतात.

त्या प्रश्नचिन्हाचा आम्ही जाहीर सत्कार करणार आहोत. ‘हे चोर आहेत’ असं छापलं तर वकील करावा लागतो. ‘हे चोर आहेत का?’ असं छापलं की तेच लोकशिक्षण होतं. पुरावा, खुलासा, अब्रुनुकसानी ही सगळी ओझी तो वाकडा आकडा एकटा उचलतो. मराठी पत्रकारितेत इतका स्वस्त आणि इतका कष्टाळू कामगार दुसरा नाही.

अर्थात ही कला आमच्या पोर्टलवाल्यानं शोधलेली नाही. तिचं घराणं मोठं आहे आणि त्यातली गाजलेली मैफल अहमदाबाद-मुंबईत रंगली.

२८ फेब्रुवारी २००२ ला अहमदाबादच्या गुलबर्ग सोसायटीत ६९ माणसं मारली गेली. माजी खासदार एहसान जाफरी त्यांतले एक. गुजरातेतल्या त्या दंगलींनंतर मुंबईत ‘सिटिझन्स फॉर जस्टिस अँड पीस’ ही संस्था उभी राहिली. तीस्ता सेटलवाड तिच्या सचिव, आणि स्थापनेच्या मंडळींत आपले विजय तेंडुलकरही. आता दंगलग्रस्तांना मदत कशी करायची, याची आपल्याकडे रीत ठरलेली आहे. चादरी वाटायच्या, फोटो काढायचा, चादरीच्या कोपऱ्यात दात्याचं नाव छापलेलं असलं तर फारच छान. या संस्थेनं रीत मोडली. तिनं साक्षीदारांना कोर्टात नेलं. वर्षानुवर्षं नेलं. वकील दिले, अर्ज केले, संरक्षण मागितलं. चादर घेऊन गप्प बसलेला दंगलग्रस्त सगळ्यांनाच आवडतो. कोर्टात बोट दाखवणारा दंगलग्रस्त आवडत नाही, आणि त्याचं बोट धरून त्याला तिथवर आणणारा तर मुळीच नाही.

साक्षीदार टिकवणं म्हणजे काय, हे आमच्या नगर जिल्ह्याला (आता अहिल्यानगर, पाट्या बदलल्या, बाकी सगळं जागच्या जागी आहे) वेगळं सांगायला नको. २८ एप्रिल २०१४ ला जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात १७ वर्षांच्या एका दलित मुलाचा दिवसाढवळ्या खून झाला. पुढाऱ्यांच्या गाड्या लगोलग येऊन गेल्या. खटला साडेतीन वर्षं चालला. साक्षीदार एकामागून एक उलटले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले. गाड्यांना साडेतीन वर्षं थांबणं परवडत नाही, डिझेल जळतं.

बडोद्याच्या बेस्ट बेकरीचंही आधी हेच झालं होतं. १ मार्च २००२ ला तिथं १४ जण मारले गेले. २७ जून २००३ ला साक्षीदार उलटल्यामुळे २१ च्या २१ आरोपी सुटले. मग प्रमुख साक्षीदार मुंबईत आली आणि भीतीपोटी खोटं बोलल्याचं तिनं सांगितलं. १२ एप्रिल २००४ ला सर्वोच्च न्यायालयानं खटला महाराष्ट्रात पुन्हा चालवायला लावला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ती पुन्हा फिरली आणि म्हणाली, मला मदत करणाऱ्या सेटलवाड आणि मंडळींनीच डांबून ठेवलं होतं. झालं! स्टुडिओत दिवाळी. सर्वोच्च न्यायालयानं चौकशी समिती नेमली. समितीनं साक्षीदारालाच खोटं ठरवलं आणि मार्च २००६ मध्ये न्यायालयानं तिला अवमानाबद्दल एक वर्षाची कैद आणि ५० हजारांचा दंड केला. इकडे मुंबईच्या न्यायालयानं ९ जणांना जन्मठेप दिली. पुढे २०१२ मध्ये उच्च न्यायालयानं त्यांतल्या ५ जणांना सोडलं आणि चौघांची शिक्षा कायम ठेवली. ‘डांबून ठेवलं’ हे आमच्या कट्ट्यावर अजून सगळ्यांना पाठ आहे. समितीचा अहवाल कुणाच्या कानावरूनही गेलेला नाही.

कानाचा विषय निघालाच आहे तर इअरबडकडे वळू.

जानेवारी २०१४ मध्ये अहमदाबादच्या क्राइम ब्रँचनं सेटलवाड आणि इतरांवर गुन्हा नोंदवला. गुलबर्ग सोसायटीत दंगलीचं स्मृतिसंग्रहालय उभारायचं म्हणून देणग्या घेतल्या, संग्रहालय झालंच नाही, पैसा गेला कुठं? आरोप गंभीर होता आणि तक्रार करणाऱ्यांत त्याच सोसायटीतली माणसं होती. तेव्हा चौकशी व्हायलाच हवी होती, यात आमचं दुमत नाही. पण चौकशीतून बाहेर काय आलं? २०१५ मध्ये क्रेडिट कार्डांच्या खर्चाची यादी न्यायालयापुढे आली आणि तिथून थेट देशाच्या दिवाणखान्यात. वाइन, व्हिस्की, केशरचना, प्रेमकथांची पुस्तकं, नेलकटर, सॅनिटरी नॅपकिन आणि इअरबड.

मानवी हक्कांसाठी लढणाऱ्या बायकांना नॅपकिन लागतात, हा गौप्यस्फोट करायला एका राज्याची क्राइम ब्रँच लागली. आमच्या मेडिकलवाल्यानं फुकटात सांगितलं असतं. आणि इअरबडबद्दल तर आम्ही सेटलवाडबाईंच्या बाजूनं साक्ष द्यायला तयार आहोत. दंगलीत होरपळलेल्यांचं गाऱ्हाणं ऐकायचं म्हणजे कान साफच लागतात. ज्यांना इतकी वर्षं काहीच ऐकू आलं नाही त्यांना उलट शासनानं तालुकानिहाय इअरबड पुरवावेत. निविदा काढा, आमच्याकडे ठेकेदार तयार आहेत.

सेटलवाडबाईंचं म्हणणं असं, की खासगी खर्च आम्ही खिशातून भरला, कार्यालयाचा तेवढा वेगळा काढला, आणि हजारो पानांचे कागद तुमच्या हवाली केले. पोलिसांचं म्हणणं, सहकार्य मिळत नाही. जुलै २०१५ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात सीबीआयनं बाईंच्या घराची झडती घेतली. पुढच्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं त्यात अटकपूर्व जामीन दिला. जून २०१६ मध्ये त्यांच्या सबरंग ट्रस्टची परदेशी निधीची नोंदणी रद्द झाली. आणि संग्रहालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं अटकेपासूनचं संरक्षण कायम केलं ते नोव्हेंबर २०२३ मध्ये. गुन्हा नोंदवून दहावं वर्ष सरत आलं होतं, तरी आरोपपत्राचा पत्ता नव्हता. इअरबडची बातमी मात्र एका रात्रीत देशभर पोचली होती.

ऑडिटरसाहेब म्हणतील, तुम्ही एकच बाजू सांगता. घ्या दुसरी. २४ जून २०२२ ला एहसान जाफरींच्या पत्नी झाकिया जाफरी यांची दंगलींबाबतची याचिका फेटाळताना सर्वोच्च न्यायालयानंच हे प्रकरण पेटतं ठेवणाऱ्यांवर कडक ताशेरे ओढले. दुसऱ्याच दिवशी गुजरात एटीएसनं सेटलवाड यांना मुंबईतून अटक केली. बनावट पुराव्यांचा तो खटला आहे. जुलै २०२३ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयानं त्यांना जामीन दिला. दोष की निर्दोष ते न्यायालय ठरवेल. आमचं भांडण न्यायालयाशी नाही. न्यायाधीशांच्या आधी, मेकअप करून, जाहिरातींच्या मधल्या वेळात निकाल देणाऱ्यांशी आहे.

कुणाला वाटेल ही सगळी टीव्हीची करणी. छे! मराठी वर्तमानपत्रांचा या क्षेत्रातला अनुभव सव्वाशे वर्षांच्या वरचा आहे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी पुण्याला हलवलं. विधवा मुलींना आसरा आणि शिक्षण द्यायचं. पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा. काही मुली बाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात म्हणून १८९३ मध्ये ‘केसरी’नं असा मारा केला, की पालकांनी मुली काढून नेल्या आणि रानडे-भांडारकरांसारखे सल्लागारही बाहेर पडले. परदेशी पैसा, छुपा हेतू, आपल्या मुली. सगळी सामग्री तेव्हाच तयार होती, फक्त लाल पट्टी यायची होती. विधवांची डोकी भादरणाऱ्या न्हाव्याला पैसे कुठून मिळतात, हा शोध मात्र कुठल्याही संपादकानं घेतल्याचं आमच्या वाचनात नाही.

परदेशी पैसा हा ऑडिटरसाहेबांचा लाडका विषय. म्हणून त्यांना एक गंमत सांगितली. परदेशी देणग्यांवरचा पहिला कायदा १९७६ चा, म्हणजे ऐन आणीबाणीतला. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं म्हटलं, की काँग्रेस आणि भाजप या दोघांनीही हा कायदा मोडून देणग्या घेतल्या. मग काय झालं? कुणाच्या कार्यालयाची झडती? कुणाच्या नॅपकिनची यादी? नाही. २०१६ आणि २०१८ च्या वित्त कायद्यांतून परदेशी कुणाला म्हणायचं याची व्याख्याच मागच्या तारखेनं बदलली. मागच्या म्हणजे किती? थेट १९७६ पर्यंत. संस्थेनं घेतला की डॉलर, पक्षानं घेतला की दक्षिणा.

साहेब गहिवरले. “बघा,” म्हणाले, “कागद चोख केले की नाही!”

आम्हा राहातेकरांना बदनामी ओळखता येत नाही असंही नाही. चांगली येते, घरची असली की. शिर्डी आमच्याच तालुक्यात. जून २०१४ मध्ये द्वारकेचे शंकराचार्य स्वरूपानंद सरस्वती म्हणाले, साईबाबा देव नाहीत, त्यांची पूजा करू नका. ऑगस्टात छत्तीसगडमधल्या कवर्ध्याला धर्मसंसद भरवून तसा ठरावही केला. मोबाईलवरून बाबांच्या जन्माच्या, जातीच्या, धर्माच्या नाना कहाण्या फिरल्या. तेव्हा आमचा कट्टा पेटून उठला होता. “पुरावा काय? कोण पैसे पुरवतंय या बदनामीला? ज्या माणसानं आयुष्यभर भिक्षा मागून दुसऱ्यांना जेवू घातलं त्याच्यावर चिखलफेक?” हे सगळे प्रश्न ऑडिटरसाहेबांचे, शब्दशः. आम्ही मनातल्या मनात त्यांना साष्टांग नमस्कार घातला होता. आता वाटतं, ते प्रश्न लिहून ठेवायला हवे होते. या चार पोरांच्या वेळी कामाला आले असते.

पण आता काळ पुढं गेलाय. जुलै २०२५ मध्ये तर विधान परिषदेत एका सदस्येनं पंढरीच्या वारीतही अर्बन नक्षल घुसल्याची चिंता व्यक्त केली. त्याच महिन्यात जनसुरक्षा विधेयक विधिमंडळात मंजूर झालं. वारीत टाळ वाजवणारा जिथं संशयित, तिथं ठाण्यात एका ताईंच्या शेजारी बाकड्यावर बसणारा क्लासवाला काय सुटणार?

त्या क्लासवाल्याचा स्वभाव मास्तरी. तो वैतागला आणि त्यानं सीरियाची गोष्ट काढली. तिथं बॉम्ब पडल्यावर ढिगाऱ्यातून माणसं काढणारे ‘व्हाइट हेल्मेट्स’ होते. त्यांना दहशतवादी म्हणून झालं, नटवे म्हणून झालं. त्यांना पैसा पोचवणाऱ्या संस्थेचा ब्रिटिश संस्थापक रोख रकमेच्या नोंदीतल्या गोंधळात अडकला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये इस्तंबूलमध्ये मृत्यू पावला. नंतर बाहेरच्या लेखापरीक्षकांनी दप्तर तपासलं तर अफरातफरीचा पुरावा सापडला नाही. गोंधळ जमाखर्चाच्या नोंदींचाच होता. गोष्ट संपली तेव्हा कट्टा क्षणभर गप्प होता. मग ऑडिटरसाहेब म्हणाले, “म्हणजे नोंदीत गोंधळ होता, हे तर तुम्हीच कबूल केलं.”

मग पोरांनी ठरवलं, नोंदीत गोंधळ नकोच. त्यांनी सगळा हिशेब ग्रुपवर टाकला. पै न् पै, बिलांच्या फोटोंसकट. पत्रे, जे-हूक, सुतळी, दवाखाना, मुगाची डाळ, दोनदा रिक्षा, वह्या. ठाण्याबाहेर प्यायलेल्या चहाचे पैसे त्यांनी स्वतःकडचे भरले होते, तेही लिहिलं होतं. असा हिशेब आमच्या तालुक्यात कुणी दिला असेल तर आम्हाला ठाऊक नाही. गावच्या जत्रेची वर्गणी दरसाल गोळा होते, तिचा हिशेब देवाला माहीत असतो आणि देव बोलत नाही. बाजारात पेरूच्या क्रेटमागं शेतकऱ्याचा किती कडता कापला, याची तर पावतीही मिळत नाही. तिकडं साहेबांचं लक्ष कधी गेलेलं नाही. नजर थोडी दूरची आहे.

हिशेब मागायला आमची मुळीच हरकत नाही. देणगीच्या पैशाला तर दहा वेळा मागावा. पण मिळालेला हिशेब वाचायचीही काही पद्धत असते. साहेबांनी तो चष्मा पुसून, वरून खाली वाचला. पत्र्यांपाशी थांबले नाहीत, दवाखान्यापाशी थांबले नाहीत. चौदाव्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे काय?”

त्या घरातल्या मायलेकी अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडल्या होत्या. मेडिकलवाल्यानं खरेदीच्या भावात पॅडची दोन पाकिटं दिली होती आणि प्रामाणिकपणे नोंदवली होती.

“वर्गणीच्या पैशातून? पॅड?” साहेबांचा आवाज कापत होता. पतसंस्था बुडाली तेव्हा तो कापला नव्हता.

तासाभरात ठोकळा हजर. पोर्टलवाल्यानं आधी पोरांना बाजूला घेतलं, कारण तोही शेवटी आपल्यातलाच. “हे बघा भाऊ, माझी काही दुश्मनी नाही. दिवाळी अंकाची पुरवणी काढतोय. तुमच्या संस्थेची अर्धं पान शुभेच्छा जाहिरात द्या, साहेबांच्या फोटोसकट. मग आपण पॉझिटिव्ह स्टोरी लावू. ‘राहात्याचे देवदूत’ वगैरे.”

“आमची संस्थाच नाही,” क्लासवाला म्हणाला. “आणि कुठल्या साहेबांचा फोटो?”

पोर्टलवाल्याला खरोखर धक्का बसला. ज्यांच्याकडे फोटो लावायला एकही साहेब नाही अशी माणसं त्यानं उभ्या कारकिर्दीत पाहिली नव्हती. त्यानं माईकची वायर खिशात सारली, गाडीला किक मारली, आणि रात्री ९ वाजता दुसरा भाग आला: ‘ना संस्था, ना नोंदणी, ना नेता! मग हे करतायत कशासाठी???’

तिसऱ्या भागासाठी चॅनेल सबस्क्राइब करा. ऑडिटरसाहेबांनी केलंय.